नाकाचे माप

मराठी भाषेने माणसाच्या नाकावर जेवढा भार टाकला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्या अवयवावर टाकला असेल असे वाटत नाही. अब्रू गेली की नाक कापले जाते. गर्विष्ठ माणूस नाकाने कांदे सोलतो. न आवडलेल्या गोष्टीला आपण नाक मुरडतो, शरण आलेल्याला नाक घासायला लावतो, आणि घरातल्या बाईच्या नाकी नऊ येतात ते तर दिवाळीच्या आधी आठ दिवसांपासूनच. परंतु एवढे सगळे त्या बिचाऱ्या नाकावर लादूनही आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट केली नव्हती. त्यांनी नाकाला पट्टी लावली नव्हती. ते काम एका इंग्रज अंमलदाराने केले. नुसते केले नाही, तर त्या मापावरून हिंदुस्थानातल्या जातींची उच्चनीचता सिद्ध होते असे त्याने जगाला सांगितले. पुढे ते माप ज्यांनी फेरतपासून पाहिले, त्यांच्यापैकी एकजण आमच्या मालवणात जन्मला होता.

त्या मापाची आणि त्या फेरतपासणीची ही हकीकत आहे. शास्त्राने माणसाच्या मनाचा आणि समाजाचा उलगडा कसा करावा, आणि कसा करू नये, हे या एका हकीकतीत मला जितके स्वच्छ दिसले तितके दुसरीकडे दिसले नाही. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे माणसांच्या मनात काय चालत असेल याचे अंदाज बांधण्याचा नाद जडला आहे. त्या नादापायी शब्दकोश मांडीवर घेऊन जे वाचले, ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला मुलकी अधिकारी. हुशार, कष्टाळू आणि आपल्या कामावर श्रद्धा असलेला. युरोपात त्या काळी माणसांच्या कवट्या, नाके, उंची मोजून मानवजातीचे वंश ठरविण्याचे शास्त्र जोरात होते. रिस्लेने ते शास्त्र बंगालमध्ये आणले. १८९१-९२ मध्ये बंगालच्या जातीजमातींवर त्याचे मोठे ग्रंथ निघाले. त्याची सर्वांत लाडकी मोजणी म्हणजे नासिकांक. तो काढणे सोपे आहे. नाकाची रुंदी घ्यावी, तिला नाकाच्या उंचीने भागावे आणि शंभराने गुणावे. उत्तर सत्तरच्या आत आले तर नाक सरळ, धारदार. सत्तर ते पंचाऐंशी आले तर मध्यम. त्याच्याही वर गेले तर बसके. (वाचकांपैकी कोणी आता आरशाकडे निघाले असतील तर त्यांनी जरा थांबावे. पुढे जे सांगायचे आहे ते ऐकल्यावर जाण्याचे कारण उरणार नाही.)

रिस्लेने या अंकांची यादी जातींच्या यादीशेजारी मांडली आणि त्याला एक नियम गवसला असे वाटले. जात जितकी वरची तितके नाक बारीक, जात जितकी खालची तितके नाक रुंद. अर्थ उघड होता. आर्य आले, त्यांनी येथल्या लोकांना जिंकले, आणि जातिव्यवस्था म्हणजे त्या रक्तभेदाचाच उरलेला नकाशा. १९०१ च्या खानेसुमारीचा तो आयुक्त झाला, तेव्हा नुसत्या जाती मोजून त्याचे समाधान झाले नाही. कोणती जात कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, याचीही यादी करण्यात आली. १९०८ साली 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथात त्याने आपले सगळे म्हणणे एकत्र केले.

सरकारी कागदावर वरखालीपणा छापला जातो म्हटल्यावर काय होणार? जातीजातींच्या सभा भरू लागल्या. आम्ही अमुक ऋषींचे वंशज, आम्ही मूळचे क्षत्रिय, आमचे नाव अमुक न लिहिता तमुक लिहावे, असे अर्ज सुरू झाले. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी एकट्या बंगालमध्ये अशा अर्जांचे वजन दीड मण भरले, अशी नोंद त्या खानेसुमारीच्या अधिकाऱ्यानेच करून ठेवली आहे. मला हा दीड मण फार महत्त्वाचा वाटतो. एकाही अर्जदाराने आपले नाक मोजून घ्यावे अशी विनंती केली नव्हती. त्यांना पाहिजे होती ती प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठा ही नाकात नसते, ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत असते. रिस्लेच्या सिद्धान्ताला खरे उत्तर त्या अर्जांच्या गठ्ठ्यांतच बांधलेले होते. पण ते सोडवून वाचायला दुसरी माणसे यावी लागली.

ती माणसे आली. त्यांच्यातली निदान चार मराठी होती.

पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून जे घरोघर माहीत झाले तेच. ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. जातीचा उलगडा वंशावर आणि रंगावर सोपविण्याच्या युरोपियन पंडितांच्या सवयीला त्यांनी हरकत घेतली.

दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. म्हणजे आमच्याच कोकणपट्टीतले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने हिंदुस्थानातील जातींवर एक निबंध वाचला. दुसऱ्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. ज्याच्या सावलीचाही या समाजाला विटाळ होत होता, त्याने त्या विटाळाविषयी लिहिताना एकही शब्द चढा लावलेला नाही. भूमितीचे प्रमेय सोडवावे तसा तो निबंध आहे.

आंबेडकर म्हणतात, जातीचे सार एकच : आपल्यातच लग्न करणे. एकदा ते पक्के केले की एक हिशेबाची अडचण उभी राहते. गटात स्त्रिया आणि पुरुष सारखे असले पाहिजेत. नवरा मेला तर बाई उरते, बायको मेली तर पुरुष उरतो, आणि उरलेले माणूस गटाबाहेर लग्न करण्याची भीती असते. मग बाईला सती घालवायचे किंवा जन्मभर विधवा ठेवायचे, आणि पुरुषासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींना पुढे धर्माची आणि पावित्र्याची वस्त्रे नेसविण्यात आली. मुळात त्या कुंपणाच्या तीन मेखा होत्या. कुंपण आधी, कौतुक मागाहून.

परंतु हे कुंपण एका वर्गाने आपल्याभोवती घातले तर बाकीच्या देशाने ते का उचलावे? कोणी राजाने हुकूम काढला नव्हता. येथे आंबेडकरांनी मानसशास्त्राची मदत घेतली. गाब्रिएल तार्द या फ्रेंच पंडिताने अनुकरणाचे नियम मांडले होते. माणसे वरच्याचे अनुकरण करतात, आणि जो जवळ असतो, रोजच्या वाऱ्याला असतो, त्याचे अधिक करतात. हा नियम लावून आंबेडकरांनी देशाकडे पाहिले. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी त्या तिन्ही रूढी उचललेल्या होत्या. त्यांच्यापेक्षा लांबच्या जातींनी वैधव्य आणि बालविवाह एवढ्याच घेतल्या. त्यांच्याहून लांबच्यांनी फक्त बालविवाह, आणि सर्वांत लांबच्यांनी नुसती जातीवरची श्रद्धा. दगड पाण्यात पडावा आणि वर्तुळे पसरत जावी, तसे. मात्र सगळेच काही खुशीने आत जाऊन बसले नाहीत, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. काहींनी दार आतून लावून घेतले, आणि बाकीच्यांना ते आपल्या तोंडावर लागलेले आढळले.

अनुकरण ही किती खोल गोष्ट आहे हे समजायला दूर जायला नको. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे तुळशीपुढे कारीट फोडतात. अभ्यंगस्नान झाले की पायाच्या अंगठ्याखाली ते कडूजहर फळ चिरडायचे, 'गोविंदा गोविंदा' म्हणून ओरडायचे आणि त्याची कडवट चव जिभेला लावायची. चार वर्षांचे पोरही हे बिनचूक करते. त्याला नरकासुर माहीत नसतो, कृष्ण माहीत नसतो, कारीट कडू का हेही माहीत नसते. बाबांनी केले, दादाने केले, म्हणून ते करते, आणि तोंड वाकडे करण्यातही बाबांचीच नक्कल करते. आता याच पोराने त्याच अंगणात आणखी काय काय पाहिले असेल ते मनाशी आठवावे. कोणाला ओटीवर बसा म्हणतात आणि कोणाला पायरीशीच उभे ठेवतात, कोणाचा चहाचा कप आत जातो आणि कोणाचा बाहेरच्या बाहेर धुऊन पालथा पडतो. तेही त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. तेही ते बिनचूक शिकते.

तिसरे गृहस्थ म्हणजे आमच्या गावचे. गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म मालवणचा, १२ डिसेंबर १८९३ चा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. घुर्ये शिकायला बाहेर पडले, मुंबईला आणि जुनागडला राहिले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून संस्कृत घेऊन एम. ए. झाले. त्यांना कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. आता हा मुलगा कुठेतरी संस्कृतचा प्रोफेसर होणार असेच कोणीही म्हटले असते. परंतु १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, आणि त्यावर पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश पंडित आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. त्यांच्या व्याख्यानांना घुर्ये जाऊ लागले, विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९२० साली ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्या हाताखाली त्यांचे मन रमेना. ते केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांना डॉक्टर रिव्हर्स भेटले.

रिव्हर्स या माणसावर एखादी कादंबरी लिहावी असा तो माणूस होता. मूळचा वैद्य, पुढे मानसशास्त्रज्ञ, त्याच्याही पुढे मानववंशशास्त्रज्ञ. १८९८ साली हॅडन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजची एक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली, तिच्यात ते होते. तेव्हा सर्वांचा समज असा की 'रानटी' माणसांची बुद्धी कमी, पण डोळे मात्र घारीसारखे. रिव्हर्सनी बेटावरच्या लोकांचे डोळे रीतसर तपासले. ते युरोपियनांपेक्षा थोडे सरस भरले, पण जगावेगळे मुळीच नव्हते. मग त्यांना दूरवरची होडी आधी दिसते कशी? रिव्हर्सचे उत्तर असे की फरक डोळ्यांत नाही, लक्ष देण्याच्या सवयीत आहे. त्या पाण्यावर, त्या क्षितिजावर जन्म गेल्याने काय पाहायचे ते त्यांना ठाऊक असते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या किनाऱ्यावरचा एक म्हातारा तांडेल आठवला. पाण्यावरची काळसर छटा पाहून बांगड्याचा थवा कुठे आहे आणि रापण कुठे सोडायची ते तो सांगत असे. आम्हांला तेथे पाण्याखेरीज काही दिसत नसे. एकदा त्याला मी त्याच्या डोळ्यांविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "डोळे सगळ्यांकच आसत, मास्तरानू, पण बघूक शिकाक व्हया." रिव्हर्सचा सिद्धान्त याहून थोडक्यात कोणाला सांगता येईल असे मला वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात रिव्हर्सनी एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात, तोफांच्या भडिमाराने मन विस्कटलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार केले. हे लोक भित्रे आहेत असा लष्कराचा समज. मन घट्ट करा, झाले गेले विसरा, एवढाच उपाय सांगण्यात येई. रिव्हर्सचे म्हणणे उलट. दडपलेली आठवण आतून पोखरते. ती बोलून बाहेर काढली, तिच्याकडे नीट पाहिले, तर तिचा जोर ओसरतो. ज्याला लोक माणसाचा जन्मजात कमकुवतपणा समजत होते, तो प्रत्यक्षात त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचा परिणाम होता.

अशा गुरूजवळ मालवणचा हा तरुण शिकला. १९२२ च्या जूनमध्ये रिव्हर्स अकस्मात वारले, आणि घुर्यांनी आपला प्रबंध हॅडन यांच्या हाताखाली पुरा केला. १९२४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई ही त्यांची शिष्यमंडळी. १९५१ साली इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी त्यांनी स्थापन केली. भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून ज्यांना मान देतात ते हेच, आणि २८ डिसेंबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

१९३२ साली लंडनमध्ये त्यांचा 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी रिस्लेच्या सिद्धान्ताला हात घातला, आणि तोही शिव्याशाप देऊन नव्हे. रिस्लेचे आणि इतरांनी गोळा केलेले आकडेच त्यांनी घेतले आणि प्रांतवार मांडून पाहिले. तेव्हा असे दिसले की जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड यांचा मेळ बसतो तो उत्तरेतल्या गंगेकाठच्या मुलखात. बाकीच्या प्रांतांत, आपल्या मुंबई इलाख्यातसुद्धा, तो मेळ बसत नाही. एका भाषेच्या मुलखातली माणसे शरीराने मिसळलेली आहेत, आणि कोणाचा दर्जा वरचा व कोणाचा खालचा हे त्यांच्या नाकावरून ओळखता येत नाही. एका मुलखात दिसलेल्या गोष्टीची रिस्लेने साऱ्या देशावर झूल पांघरली होती.

पुढची गंमत पाहण्यासारखी आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात आंबेडकरांनी घुर्यांनी दिलेली नाकांची मापेच पुढे केली आणि दाखवून दिले की, नाकाचाच न्याय लावायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. जे हत्यार भेद सिद्ध करण्यासाठी घडविले होते, ते भेदाच्याच विरुद्ध साक्षीला उभे राहिले.

चौथे नाव इरावतीबाई कर्वे यांचे. 'युगान्त'मुळे त्या घराघरांत माहीत आहेत. पण त्यांची पहिली लढाई कवट्यांशी झाली हे थोड्यांना माहीत असते. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली एम. ए. करून त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या. तेथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवण विशिष्ट तऱ्हेने असम असते आणि त्यातच त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, अशी फिशर यांची कल्पना. ती तपासण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि गुरूला पाहिजे होते ते उत्तर त्यांत नाही असे लिहून दिले. परदेश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हातात, आणि तरीही आकडा जे सांगेल तेच लिहायचे, याला धैर्य लागते. याच फिशर यांची विद्या पुढे हिटलरच्या राज्यात वंशशुद्धीच्या कायद्यांना उपयोगी पडली, आणि तिची किंमत किती जिवांनी मोजली ते सर्वविदित आहे. मोजमापाला विनोद समजून सोडून देता येत नाही ते यासाठीच.

तेव्हा जात नाकात नाही आणि कवटीतही नाही. मग कुठे आहे? १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी आंबेडकरांनी एक भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, परिषदच रद्द झाली, आणि आंबेडकरांनी ते स्वतः छापले. त्यात त्यांनी सांगितले की जात म्हणजे विटामातीची भिंत नव्हे. ती एक समजूत आहे, मनाची एक अवस्था आहे. समजूत आहे म्हणजे ती लटकी आहे, हलकी आहे, असे मात्र नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्यायले. मागाहून सवर्णांनी शेणगोमूत्राचे १०८ घडे ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पाण्यात काही बदलले नव्हते, बदलले होते ते पाहणाऱ्यांच्या मनात. पण त्या मनातल्या गोष्टीपायी त्याच दिवशी महाडात माणसांची डोकी फुटली होती.

घुर्ये आणि आंबेडकर यांना एका पंगतीत बसविणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. जातवार सवलतींनी जात अधिकच घट्ट होईल, असे घुर्यांचे मत होते. आदिवासींना त्यांनी मागे राहिलेले हिंदू म्हटले, त्यावरही पुष्कळ टीका झाली. जे दाराच्या आत जन्मले त्यांना दार हळूहळू उघडेल असे वाटत होते. जे बाहेर जन्मले त्यांना वाट पाहण्याची किंमत ठाऊक होती. शास्त्र एकच असले तरी ते वाचणारा माणूस कुठे उभा आहे यावर त्याचा धीर अवलंबून असतो. पण नाकाच्या मापाविषयी दोघांचा निकाल एकच होता.

अनुकरणाने जी गोष्ट वरून खाली आली ती अनुकरणानेच मोडता येईल काय? याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यात एका माणसाने स्वतःवर करून पाहिला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन. घुर्यांपेक्षा एका वर्षाने लहान. तत्त्वज्ञानात एम. ए. झालेले, जातीने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. ते काम ठराविक जातीच्या कैद्यांचे, म्हणून अधिकाऱ्यांनी नाकारले. अप्पांनी उपास आरंभला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढून अप्पांनी मेलेल्या जनावरांची कातडी सोडविणे, मैल्याचे खत करणे ही कामे स्वतःच्या हातांनी केली आणि शिकविली. तार्दचा नियम त्यांनी उलटा फिरविला, असे मला वाटते. प्रतिष्ठा ज्याच्याकडे आहे त्याने झाडू घेतला तर झाडूला प्रतिष्ठा येईल, असा तो हिशेब. हिशेब चोख होता. त्यांच्या मागे चालणारे थोडे निघाले, हा दोष हिशेबाचा नव्हे. कौतुक करणे हाही कधीकधी अनुकरण टाळण्याचा एक सभ्य मार्ग असतो.

शास्त्र तेथेच थांबलेले नाही. २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून भारतीयांच्या रक्तातल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले निरनिराळे लोक एकमेकांत मनसोक्त मिसळत होते. वरच्या मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या सर्वांतच ती सरमिसळ आहे. मग ती थांबली आणि लोक आपापल्यात लग्ने करू लागले. म्हणजे रक्त निराळे म्हणून भिंत उभी राहिली असे नव्हे. सगळे मिसळून झाल्यावर मनात भिंत उभी राहिली, आणि मग तिने रक्ताला अडवले. १९१६ साली पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नुसत्या विचाराच्या बळावर मांडले ते जवळजवळ हेच.

दुसरा प्रयोग माझ्या धंद्यातला आहे, म्हणून तो माझ्या अधिक जिव्हारी लागला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. वरच्या मानलेल्या जातींची ३२१ मुले, खालच्या मानलेल्या जातींची ३२१ मुले. कागदावर छापलेल्या भुलभुलैयातून वाट काढायची, आणि सुटलेल्या कोड्याला पैसे मिळायचे. कोणाची जात कोणी उच्चारली नाही, तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच हुशार ठरली. पण सर्वांसमक्ष नाव, बापाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखविली, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी लक्षात येण्याइतकी कमी झाली. मुले तीच, कोडी त्याच जातीची, बोटे तीच. मधे फक्त एक शब्द उच्चारला गेला होता. हा अभ्यास २००६ साली छापून आला.

मी मुलगा होतो तेव्हा आमच्या वर्गात माझ्या बाकावर एक मित्र बसे. तोंडी हिशेबात त्याचा हात सर्वांच्या आधी वर जाई. एके दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज आले आणि गुरुजींनी मोठ्याने अमक्या जातीच्या मुलांनी उभे राहावे असे सांगितले. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना अर्ज भरून घ्यायचे होते, आणि ते अर्ज त्या मुलांच्या भल्याचेच होते. मित्र उभा राहिला. त्यानंतर तोंडी हिशेब झाले, आणि त्या दिवशी त्याचा हात वर गेला नाही. एका दिवसावरून, एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळते. पण ६४२ मुलांचा तो प्रयोग वाचताना मला सबंध वेळ तो एकच हात दिसत होता.

म्हणून कोणी असे समजू नये की मोजणेच वाईट, किंवा जात विचारणेच बंद केले की ती जाईल. मागे कोण राहिले आहे हे मोजल्याशिवाय त्याला हात देता येत नाही. मोजावे, पण वरखाली लावण्यासाठी मोजणे निराळे आणि उणे भरून काढण्यासाठी मोजणे निराळे. शिष्यवृत्तीचे अर्ज मी शाळा सुटल्यावर एकेकाला जवळ बोलावून भरतो. हजेरी नुसत्या नावाने घेतो. त्याने जगात क्रांती झाली असे नाही. निदान त्या एका तासापुरता तो शब्द वर्गात उच्चारला जात नाही, आणि तेवढ्या वेळात पुष्कळ हिशेब सुटतात.

मनाचे शास्त्र आणि समाजाचे शास्त्र मला शेवटी एवढेच सांगतात की ज्याला आपण जन्माने आलेले समजतो त्यातले बरेचसे पाहून आलेले असते, आणि जे पाहून शिकता येते ते न दाखवता आले तर पुढच्या पिढीत उतरत नाही. ही दिवाळी आहे. घरे पाहुण्यांनी भरलेली असतील, फराळाची ताटे या घरातून त्या घरात जात असतील, आणि उंबऱ्यापाशी कोणीतरी दोन-चार वर्षांचे मूल, हातातली करंजी खायची विसरून, मोठी माणसे कोणाला आत बोलावतात ते पाहत उभे असेल.